अंगाऱ्याचं पाकीट

रत्नागिरी,
मंगळवार

प्रिय गोपू,

किती वर्षांनी हे दोन शब्द लिहिले! लिहून झाल्यावर थोडा वेळ त्यांच्याकडे नुसती बघत बसले. काल वृंदाचा फोन आला होता. रविवारी तू स्वतः तुमच्या आर्याच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन माझ्याकडे येणार आहेस, असं ती म्हणाली. आणखीही बरंच म्हणाली. ते शेवटी लिहिते, कारण खरं तर त्याच्यासाठीच हे पत्र आहे. रविवारच्या आधी ते तुझ्या हातात पडायला हवं. वाचून झाल्यावर यायचं की नाही ते तू ठरव. फोनच केला असता, पण फोनवर मला रडू येतं आणि समोरचा माणूस माझी समजूत काढायला लागतो. या वेळी माझी समजूत कोणी काढलेली मला चालणार नाही.

शुक्रवारपासून मी सारखे हात धुते आहे. स्वच्छ आहेत हे कळतं, तरी भात कालवायला गेले की बोटं अडतात. तुला अर्धी हकिकत पोलिसांनी सांगितली असेल, अर्धी वृंदाने. माझ्या बाजूची कोणीच सांगितली नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी आहे, आंब्याचा पल्प डबाबंद करून परदेशी पाठवणारी. आलेलं टपाल घेणं, उघडणं, ज्याचं त्याच्याकडे पोचवणं हे काम माझ्याकडे. गेल्या वर्षी परदेशी गिऱ्हाइकांची माणसं कारखाना पाहायला आली होती. त्यांनी सगळं पाहिलं आणि जाता जाता विचारलं, टपालातून काही भलतंसलतं आलं तर तुम्ही काय करता? असा काही नियमच आमच्याकडे नव्हता. त्यानंतर नितेश आला, सुरक्षा अधिकारी म्हणून. आपल्या आर्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. त्याने इंग्रजी सूचनांचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, काकू, तुमचं कॉन्व्हेंटचं इंग्रजी कधी कामाला यायचं? हे सगळ्यांना कळेल असं मराठीत करा बघू.

मी फार जीव लावून केलं रे ते. ज्यावर पाठवणाऱ्याचं नाव नाही, गरजेपेक्षा जास्त तिकिटं आहेत, सगळ्या कडा चिकटपट्टीने बंद केल्या आहेत, हाताला आत काही भुसभुशीत लागतं, असं पाकीट उघडू नये. हलवू नये, हुंगू नये, दुसऱ्याला दाखवायला नेऊ नये. आहे तिथेच ठेवून त्यावर काहीतरी पालथं घालावं, पंखा बंद करावा, खोलीबाहेर पडून दार लावून घ्यावं, हात साबणाने धुवावेत आणि लगेच कळवावं. माझ्याच अक्षरातला तो कागद प्लास्टिकमध्ये घालून माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावला. आमचा शिपाई सदू तो वाचून हसला होता. म्हणाला, बाई, आंब्याच्या रसावर कोनाचा एवढा राग आसनार? आम्ही सगळेच हसलो.

शुक्रवारी त्याच कागदासमोर मी तुझं पाकीट उघडलं.

त्यावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. तिकिटं हवी त्याच्या दुप्पट होती. चारी कडांना खाकी पट्टी होती आणि हाताला आत मऊ, भुसभुशीत लागत होतं. जे जे मी लिहून भिंतीवर लावलं होतं, ते ते सगळं माझ्या हातात होतं. आणि मला ते दिसलंच नाही, गोपू. मला फक्त अक्षर दिसलं. उजवीकडे चढत जाणाऱ्या तुझ्या शिरोरेघा. अण्णा तुझ्या पाटीवर पट्टी ठेवून म्हणायचे, चढणीवर काय कलमं लावायची आहेत का तुला? आणि तू पट्टी काढली की पुन्हा चढणीलाच लागायचास.

अंगारा आहे हे मला पाकीट फाडायच्या आधीच कळलं होतं. मावशीकडे राहून मी इथे शाळेत जात होते तेव्हा बुरोंडीहून असंच पाकीट यायचं. आत कोऱ्या कागदाची पुडी, चिठ्ठी नाही, नाव नाही. एकदा मी रुसून अण्णांना विचारलं होतं, दोन ओळी तरी का लिहीत नाही? ते म्हणाले, देवीचं आहे ते, त्यावर आपलं नाव घालणारे आपण कोण? शाळेत राखेच्या बुधवारी आमच्या सिस्टर कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात यायच्या, आणि माझ्या कपाळावर आपल्या देवीच्या होमाची रक्षा असायची. सिस्टर अगाथांनी एकदा माझ्याकडे निरखून पाहिलं. आता पुसायला लावतील म्हणून मी हात वर नेला, तर त्या म्हणाल्या, राहू दे, घरून आलेलं पुसू नये.

आणि आपल्या घरचा दुसरा रिवाज तर तुला ठाऊकच आहे. घरात कार्य निघालं की आधी सगळ्यांना अंगारा जातो, आमंत्रण मागून. ज्याला अंगारा आला त्याने समजायचं, आपल्याला बोलावणं येणार. सातबाऱ्यावर माझं नाव घालायला मी म्हटलं, लग्नात दिलं ते कमी पडलं का, असं तू विचारलंस, आणि मी ओसरीवरचं पाणीही न पिता निघाले. त्या दिवसापासून मला अंगारा आला नव्हता. म्हणजे घरात काही कार्य झालं असेल तर ते माझ्याशिवाय झालं, एवढंच मी धरून चालले होते.

आता तूच सांग, ती पुडी हातात आल्यावर मला काय झालं असेल! आर्याचं लग्न ठरलं आणि मला बोलावणं आहे. टेबलाशी उभी राहून मी चपला काढल्या. चिमूटभर अंगारा कपाळाला लावला, कण जिभेवर ठेवला. नेहमीपेक्षा जरा पांढुरका वाटला, वासही वेगळा होता. मनात आलं, देवळाचं काम काढलंय म्हणतात, होमाला लाकूड वेगळं वापरलं असेल. डोक्यावर पंखा फिरत होता, थोडा अंगारा उडून कागदांवर पसरला, तो मी हातानेच गोळा केला. देवीचा म्हणून, वाया जायला नको म्हणून.

तेवढ्यात सानिका आली. आमच्या हिशेब खात्यातली मुलगी, सातवा महिना. पहिल्या खेपेला तिचं मूल राहिलं नव्हतं, म्हणून या वेळी आम्ही सगळ्या बायका तिला फुलासारखी जपत होतो. मी म्हटलं, इकडे ये गो, माझ्या माहेरच्या देवीचा अंगारा आलाय, माझ्या भाचीचं लग्न ठरलं. तिने ओढणी डोक्यावर घेतली. मी तिच्या कपाळाला लावला, पोटाला लावला, जिभेवर ठेवला. तिने लहान मुलीसारखं परत तोंड उघडलं आणि हसून म्हणाली, आणखी थोडा द्या ना काकू, आम्ही दोघं आहोत. मी दिला.

हे वाक्य लिहिताना पेन खाली ठेवावं लागलं.

माझ्या जिभेला मुंग्या आल्यासारखं झालं, आणि मग कडू. अंगारा कडू नसतो. सानिका म्हणाली, काकू, हा कसला हो, ओठ बधिरल्यासारखे झालेत. तरीही मी काय केलं असेल? नितेशला बोलवायचं सोडून मी पुडी उचलून नाकाशी नेली. हुंगू नये हे मी माझ्या हाताने लिहिलं होतं. वासाने एकदम बागेतला आपला मांगर डोळ्यांपुढे आला, मोहोराच्या दिवसांतला, फवारणीच्या औषधांनी भरलेला. 

नितेश कशाला तरी दारात आला होता. त्याने टेबल पाहिलं, आमची कपाळं पाहिली, आणि एवढ्या जोरात ओरडला की मी जन्मात कोणाला तसं ओरडताना ऐकलं नाही. पंखा बंद करा! कशाला हात लावू नका! त्याने कचऱ्याची बादली रिकामी करून पाकिटावर पालथी घातली, आम्हाला बाहेर काढलं, दार ओढून घेतलं. नंतर आवाज अगदी खाली आणून म्हणाला, कपडे झटकू नका, तोंडाला हात लावू नका, कोणीही घरी जायचं नाही, आत कोण कोण होतं ते मला सांगा. 

कारखान्यातल्या बायकांच्या न्हाणीघरात नेऊन आम्हाला साबण दिले. माझं लुगडं, सानिकाचा ड्रेस वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवला. कामगारांचे पांढरे झगे घालून आम्ही उभ्या होतो. सगळं केलं, पण कपाळाला साबण लावायला माझा हात उचलेना. घरून आलेलं पुसू नये. नितेश दाराबाहेरून विचारत होता, काकू, कपाळ धुतलंत का? तेव्हा तो म्हणाला, धुवा काकू, देवी रागावली तर तिला माझं नाव सांगा. मी नळाखाली डोकं घातलं आणि धुतलं. पाण्याबरोबर रडूही गेलं असेल, कळलं नाही.

तोवर सानिकाला उलट्या सुरू झाल्या. अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ. आम्हा दोघींना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिचा नवरा अनिल धावत आला, आणि मला समोर बघून त्याने विचारलं, काकू, तुम्ही होतात ना तिथे? तुमच्यासमोर झालं हे? मी मान हलवली. माझ्या हातून झालं, एवढं म्हणायची छाती झाली नाही. डॉक्टरीणबाई एकच विचारत होत्या, पोटात नक्की काय गेलंय ते सांगा. उपाय लक्षणांवर करतोय, पण काय होतं ते कळलं तर बाळासाठी बरं. पावडर तपासायला गेली होती, पण तिचा निकाल यायला वेळ होता. भुकटीतून रोगाचे जंतूही पाठवतात म्हणे, तीही भीती होती, म्हणून आम्हाला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. मधल्या पडद्यापलीकडून मला सानिकाचं कण्हणं ऐकू यायचं आणि मग बाळाचे ठोके बघायचं यंत्र लावलं की सगळे गप्प व्हायचे. ठोके सापडेपर्यंतचा तो वेळ! माझं मूल असतं तरी मी इतका देव देव केला नसता.

तिथे पोलीस आले. मी तुझं नाव सांगितलं. दापोलीच्या पोलिसांनी तुला गाठलं, आणि त्यांनी पाकिटाचं नाव काढताच तू डोक्याला हात लावलास, हे मला नंतर कळलं. तुझ्या बागेतल्या गड्याने, हरिश्चंद्राने, टपालाच्या पुड्यांसाठी देवळातून अंगारा आणला तो मांगरातल्या डब्यात. डबा फवारणीच्या पावडरचा, वरवर धुतलेला, तळाशी थर तसाच. अंगारा ठेवायला प्लास्टिकचा डबा नि त्याला घट्ट झाकण, बरं पडेल, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. त्याच्यावर ओरडू नकोस. मी त्याच्याहून शिकलेली, आणि मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

पोलिसांसमोर तू कंपनीच्या नावासकट त्या पावडरचं नाव सांगितलंस, ते इथे डॉक्टरांना कळलं, आणि त्यानंतर त्यांना काय करायचं ते स्पष्ट झालं. रात्रीतून सानिकाची लाळ थांबली, सकाळी ती बोलली. काल आम्हा दोघींना घरी सोडलं. बाळ ठीक आहे, पाय मारतंय. जंतूबिंतू काही नव्हते. निघताना ती माझ्या खाटेशी आली, माझा हात धरून तिने तो पोटावर ठेवला आणि म्हणाली, तुमच्या देवीने राखलं हो काकू. मी हात काढून घेतला. तिला वाईट वाटलं असेल. तिला सगळं सांगितलं आहे, मीच दिला होता हेही, अनिललाही. तो त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

वृंदाने मला एक गोष्ट सांगितली. म्हणाली, वन्सं, बाकीच्या पुड्या सकाळीच भरून झाल्या होत्या. तुमच्या नावाचं पाकीट लिहून समोर ठेवून हे कितीतरी वेळ बसले होते. पाठवू का नको, पाठवू का नको. शेवटी उठले आणि डब्यात उरलेलं भरलं. म्हणून तुमच्याच वाट्याला तळाचं आलं. गोपू, हे ऐकल्यावर मी फोन छातीशी धरून बसले. आपण दोघं इतकी वर्षं जे बोललो नाही ते सगळं त्या तळाशी साचलं होतं, असं काहीतरी वाटलं. पण ते राहू दे. म्हातारपणी मला असं काहीतरी वाटतच असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वृंदा म्हणाली, हे सगळ्यांना सांगतायत, अक्काने अक्षर ओळखलं आणि वेळ न घालवता नाव सांगितलं, म्हणून ती मुलगी वाचली. म्हणूनच बाकीच्या घरी फोन करून पुड्या उघडू नका सांगता आलं, नाहीतर काय झालं असतं! अक्का होती म्हणून, असं तू म्हणतोस म्हणे. आणि म्हणूनच आमंत्रण पोस्टाने नाही, स्वतः आणून देणार.

तसं झालं नाही, गोपू. ती पोलीस बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिने पाकिटाचा फोटो दाखवून विचारलं, अक्षर ओळखीचं आहे? मी नाही म्हटलं. मला वाटलं, माझ्या माहेरच्या दारात पोलीस नकोत, आर्याचं लग्न आहे. मी खोटं बोलले, आणि तेवढा वेळ सानिकाचा गेला. मग पडद्यापलीकडे ती ओरडली, ठोके लवकर सापडेनात, आणि त्या बाईने दुसरा प्रश्न विचारला. तुमच्या वाईटावर कोणी आहे का? मी क्षणभरही विचार केला नाही. मी म्हटलं, माझा भाऊ. आणि वर म्हटलं, त्याच्याकडे आंब्यावर मारायचं विष असतं. तिने मला विचारलं, सख्खा? मी म्हटलं, हो, सख्खा. मी तुझं अक्षर ओळखून नाव सांगितलं नाही. तू मला मारायला विष पाठवलंस, असं मला त्या वेळी खरंच वाटलं. सानिकाला झालं त्याने मी हादरले, पण रात्री झोपू देत नाही ते हे. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. शोधावं लागलं नाही. इतकी वर्षं ते तिथे होतं आणि मला माहीत नव्हतं. तुझ्या घरी पोलीस आले ते पत्ता विचारत नाही, संशयावरून आले. त्यांनी तुला ते सांगितलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. म्हणून मी सांगते आहे. आता आलास तर हे ठाऊक असून ये. आला नाहीस तर आर्याला लांबूनच माझा आशीर्वाद. आणि आलास, तर येताना अंगारा आण, देवळातून थेट, पितळेच्या डबीत, आणि तुझ्या हाताने माझ्या कपाळाला लाव. या वेळी मी तो धुणार नाही.

हे पत्र बुधवारी सकाळी टपालात टाकते. तू बिचकू नयेस म्हणून पाकिटाच्या मागे माझं नाव, पत्ता, फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. आत फक्त हे कागद आहेत. निर्धास्त उघड.

तुझीच,
अक्का